नारिंगी क्यू, पिवळा क्यू : न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचे रंग कसे ठरले

न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचे एखादे जुने छायाचित्र हाती आले आणि त्यात गाडीच्या कपाळावर रंगीत चकतीत ‘क्यू’ हे अक्षर दिसले, तर ते कोणत्या काळातले हे पुष्कळदा चकतीच्या रंगावरूनच सांगता येते. चकती नारिंगी असेल तर छायाचित्र १९८८ ते २००१ या तेरा वर्षांतले. पिवळी असेल तर त्याच्या आधीचे किंवा नंतरचे. मोडी कागदावर तारीख नसली तरी अक्षराच्या वळणावरून तो शिवकालीन की उत्तर पेशवाईतला, याचा अंदाज जाणकार बांधतात. त्यातलाच हा प्रकार.

आज फोनवरच्या नकाशात त्याच गाडीचे चिन्ह म्हणून एक पिवळी टिकली दिसते आणि तिच्यात काळे अक्षर. इतर टिकल्यांत अक्षर पांढरे असते. पिवळ्यावर पांढरे नीट उठून दिसत नाही, म्हणून इथे काळे. अशी टिकली तयार करणाऱ्याला पडणारा पहिला प्रश्न साधा असतो : अचूक रंग कोणता? शहराची वाहतूक चालवणाऱ्या मेट्रोपॉलिटन ट्रान्स्पोर्टेशन ऑथॉरिटीने, म्हणजे एमटीएने, त्याचे उत्तर आकड्यांत देऊन ठेवलेले आहे. अनेक वर्षे वापरात असलेल्या तक्त्यानुसार पडद्यावरचा हा पिवळा म्हणजे लाल २५२, हिरवा २०४, निळा १०. ए, सी आणि ई या गाड्यांचा निळा म्हणजे ०, ५७, १६६. आकडे उतरवून घेतले की काम संपले, असे वाटते.

पण छटा अचूक असूनही चिन्ह चुकीचे असू शकते. कारण रंग ‘कशाचा’ आहे, हा प्रश्न छटेच्या आधी येतो. तो कंपनीचा, गाडीचा, की ज्या बोगद्यातून गाडी जाते त्या बोगद्याचा? न्यूयॉर्कने विसाव्या शतकात या प्रश्नाची तीन वेगवेगळी उत्तरे दिली, आणि प्रत्येक उत्तराबरोबर लाखो प्रवाशांना नकाशा नव्याने वाचायला शिकावे लागले.

गोष्ट सुरू होते ती तीन सवत्या घरांपासून. २७ ऑक्टोबर १९०४ रोजी मॅनहॅटनमध्ये पहिली भुयारी रेल्वे धावली ती ‘इंटरबरो रॅपिड ट्रान्झिट’ या खाजगी कंपनीची. तिचे लघुरूप आयआरटी. ब्रुकलिनच्या बाजूला दुसरी खाजगी कंपनी वाढली, तीच पुढे बीएमटी झाली. १९३२ साली खुद्द नगर प्रशासनाने ‘इंडिपेंडंट’ या नावाने तिसरी व्यवस्था सुरू केली, ती आयएनडी. या तिघांनी एकमेकांशी स्पर्धा करत, काही ठिकाणी शेजारशेजारच्या रस्त्यांखालून, बोगदे खणले. आयआरटीचे डबे सुमारे पावणेनऊ फूट रुंद, तर इतर दोघांचे दहा फूट. हा सव्वा फुटाचा फरक आजही मिटलेला नाही. रुंद डबा आयआरटीच्या बोगद्यात मावत नाही, आणि अरुंद डबा दुसऱ्यांच्या फलाटाशी लावला तर मध्ये धोकादायक फट राहते. गाड्यांची नावे दोन प्रकारची आहेत, काहींना आकडे आणि काहींना अक्षरे, त्याचे मूळ इथेच आहे. आकड्यांच्या गाड्या पूर्वीच्या आयआरटीच्या, अक्षरांच्या गाड्या बाकी दोघींच्या.

१९४० साली शहराने दोन्ही खाजगी कंपन्या विकत घेतल्या. कागदोपत्री घर एक झाले, पण चुली वेगळ्याच राहिल्या. ट्रान्झिट ऑथॉरिटीने १९५८ साली स्वतःचा पहिला आकृतिबद्ध नकाशा काढला. तो जॉर्ज सॉलोमन या अक्षरशिल्पकाराने आखला होता. त्यात वळणे सरळ केलेली होती, मांडणी नेटकी होती. रंग मात्र तीनच : आयआरटीला एक, बीएमटीला एक, आयएनडीला एक. ज्या कंपन्या अठरा वर्षांपूर्वी संपल्या होत्या, त्यांच्या सीमा नकाशावर अजून रंगवल्या जात होत्या.

मुंबईकराला यात वावगे वाटणार नाही. ‘वेस्टर्न’, ‘सेंट्रल’, ‘हार्बर’ ही नावे तोही रोज वापरतो, आणि त्यातली पहिली दोन रेल्वे प्रशासनांचीच आहेत. पण मुंबईत पश्चिम रेल्वे आणि मध्य रेल्वे यांचे प्रदेशही बरेचसे वेगळे आहेत. मालकाचे नाव सांगितले की दिशाही कळते. न्यूयॉर्कमध्ये तिन्ही कंपन्यांचे मार्ग मॅनहॅटनच्या त्याच चिंचोळ्या बेटाखालून जात होते. तिथे मालकाचे नाव ऐकून गाडी कुठे जाणार हे कळत नव्हते.

या पहिल्या उत्तराचा शेवट एका लहानशा बोगद्याने केला. २६ नोव्हेंबर १९६७ रोजी क्रिस्टी स्ट्रीटखालचा जोडमार्ग उघडला आणि आयएनडीचा सहाव्या अ‍ॅव्हेन्यूखालचा मार्ग मॅनहॅटन पुलावरून ब्रुकलिनमधल्या बीएमटीच्या रुळांना जोडला गेला. त्या दिवसापासून डी ही गाडी उत्तरेकडे ब्रॉन्क्समध्ये आयएनडीच्या रुळांवर निघू लागली आणि दक्षिणेला कोनी आयलंडच्या समुद्रकिनाऱ्यावर बीएमटीच्या रुळांवर पोहोचू लागली. तिला कोणता रंग द्यायचा? अर्धा एक आणि अर्धा दुसरा? मालकीच्या रंगांना काही अर्थच उरला नाही.

उत्तर तीन वर्षे आधीच सुचवले गेले होते. ट्रान्झिट ऑथॉरिटीने १९६४ साली नकाशासाठी जाहीर स्पर्धा घेतली होती. तिच्यातला एक विजेता रॅली डिॲडॅमो हा व्यवसायाने नकाशाकार नव्हता, वकील होता. प्रत्येक गाडीला स्वतःचा रंग द्यावा, अशी त्याची मांडणी होती. कंपनी कोणती याच्याशी प्रवाशाला कर्तव्य नाही, आपली गाडी कुठून कुठे जाते एवढेच त्याला हवे असते, हा त्यामागचा विचार. १९६७ च्या नकाशाने हे तत्त्व स्वीकारले, आणि त्यानंतर आलेल्या नव्या डब्यांवर रंगीत पाट्याही दिसू लागल्या.

इथे ‘गाडी’ आणि ‘मार्ग’ यांतला भेद नीट लक्षात घ्यायला हवा, कारण पुढचा सगळा वाद त्यावरच उभा आहे. बेस्टच्या बसला एक क्रमांक असतो, आणि ती ज्या रस्त्याने जाते तो रस्ता वेगळा असतो. त्याच रस्त्याने दहा क्रमांकांच्या बस जातात आणि एकच बस अनेक रस्त्यांना वळते. न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे अशीच आहे. सहाव्या अ‍ॅव्हेन्यूखालचा बोगदा हा मार्ग. त्यातून जाणाऱ्या बी, डी, एफ या गाड्या. त्यातही काही जलद, काही धीम्या, हे मुंबईकराला वेगळे सांगायला नको. लंडनमध्ये हा प्रश्न इतका तीव्र नव्हता. हॅरी बेक याने १९३३ साली तिथला प्रसिद्ध आकृतिबद्ध नकाशा दिला तेव्हा बहुतेक मार्गांचे बोगदे त्यांचे स्वतःचे होते, त्यामुळे मार्ग आणि गाडी यांचा रंग एकच ठेवता आला. लंडनच्या नकाशाचे कौतुक करताना ही सोय बेकच्या बाजूने होती, हे सहसा विसरले जाते.

डिॲडॅमोची कल्पना टोकापर्यंत नेली ती मास्सिमो व्हिन्येल्ली या इटालियन संकल्पकाने. मिलानहून न्यूयॉर्कला आलेला व्हिन्येल्ली आणि त्याचा सहकारी बॉब नूर्डा यांनी युनिमार्क या संस्थेतर्फे स्थानकांवरच्या सगळ्या फलकांची शिस्त बसवली, आणि १९७० साली ती एका नियमपुस्तिकेत ग्रथित झाली. गाडीचे अक्षर रंगीत वर्तुळात बसवण्याची जी पद्धत आज जगभर ओळखली जाते, ती या पुस्तिकेत पानापानांवर मापांसह मांडलेली आहे. तिच्यातले अक्षर हेल्वेटिका आहे असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात ते ‘स्टँडर्ड’ नावाचे अक्षरवळण होते, हेल्वेटिका अधिकृतपणे आले ते १९८९ मध्ये. या पुस्तिकेची एक प्रत २०१२ साली न्यूयॉर्कमधल्याच एका संकल्पन संस्थेच्या तळघरातल्या कपाटात सापडली आणि दोन वर्षांनी तिची हुबेहूब आवृत्ती लोकवर्गणीतून छापली गेली. पोथी सापडावी तशी ही घटना संकल्पनाच्या जगात साजरी झाली.

१९७२ च्या ऑगस्टमध्ये व्हिन्येल्लीचा नकाशा आला. त्यात प्रत्येक गाडीला स्वतंत्र रंगाची स्वतंत्र रेघ होती. सगळ्या रेघा सरळ, वळण घ्यायचे ते ४५ किंवा ९० अंशांतच. चार गाड्या त्याच बोगद्यातून जात असतील तर चार रेघा शेजारीशेजारी. गाडी जिथे थांबते तिथे तिच्या रेघेवर काळा ठिपका. ठिपका नाही तर थांबा नाही. कागदावरची ही चित्रमय व्यवस्था इतकी देखणी होती की न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ती आपल्या संग्रहात घेतली.

प्रवाशांचे मत तितके एकमुखी नव्हते. नकाशात पाणी मातकट रंगाचे होते. सेंट्रल पार्क, जे प्रत्यक्षात लांबलचक आयत आहे, ते जवळजवळ चौरस आणि करडे झाले होते. ५० व्या रस्त्यावरचे ब्रॉडवे मार्गाचे स्थानक प्रत्यक्षात आठव्या अ‍ॅव्हेन्यूच्या पूर्वेला आहे. नकाशात ते पश्चिमेला गेले. चौकटीत आखलेल्या मॅनहॅटनमध्ये माणसे रस्त्यांचे क्रमांक मोजत चालतात. तिथे जमिनीवर आल्यावर पूर्व-पश्चिम उलटी निघणे ही किरकोळ चूक ठरत नाही.

रंगांचा प्रश्न याहून खोल होता, आणि त्याची चर्चा पार्कच्या रंगाइतकी झाली नाही. गाड्या होत्या दोन डझनांच्या आसपास. माणसाच्या डोळ्याला घाईत, अपुऱ्या प्रकाशात, कशाशीही ताडून न पाहता खात्रीने ओळखता येतील असे रंग त्याच्या निम्मेही नसतात. शेजारी ठेवलेले दोन निळे वेगळे दिसतात. एक नकाशात आणि दुसरा फलाटाच्या टोकाला काजळलेल्या पाटीवर असेल तर कोणता निळा कोणता, हे कोण सांगणार? शिवाय युरोपीय वंशाच्या पुरुषांत बाराजणांमागे सुमारे एकाला लाल-हिरव्यातला भेद कमी-अधिक कळत नाही. सत्तरच्या दशकातल्या न्यूयॉर्कमध्ये डबे आतून-बाहेरून रंगफवाऱ्याच्या लिखाणाने भरलेले होते आणि पुष्कळ डब्यांतले नकाशेही त्यातून सुटले नव्हते. प्रत्येक गाडीला स्वतःचा रंग हे तत्त्व कागदावर न्याय्य होते; फलाटावर ते टिकत नव्हते.

आणि त्या काळात चुकीच्या गाडीत बसण्याची किंमत मोठी होती. १९७५ साली शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होते. देखभालीला पैसा नव्हता, गुन्हे वाढले होते, प्रवासी घटत होते. नवख्या माणसाने रात्री अनोळखी स्थानकावर उतरून परतीची गाडी शोधत उभे राहणे, ही तेव्हा गंमत म्हणून सांगण्याची गोष्ट नव्हती. १९७६ मध्ये मानसशास्त्रज्ञ आर्लीन ब्रॉन्झॅफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. शहराला नवख्या माणसांच्या हातात नकाशा देऊन त्यांना ठरावीक ठिकाणी पोहोचायला सांगितले, तेव्हा त्यांना सोयीचे मार्ग निवडता येत नव्हते.

पुढे ब्रॉन्झॅफ्ट नव्या नकाशासाठी नेमलेल्या समितीत आल्या. समितीचे अध्यक्षपद जॉन टॉरनॅक यांच्याकडे आले; ते शहराचे इतिहासकार आणि मार्गदर्शिकांचे लेखक होते. प्रत्यक्ष रेखन मायकेल हर्ट्झ यांच्या संस्थेने केले. तिथे नोबुयुकी सिराइसी हा जपानी चित्रकार-शिल्पकार होता. तो प्रत्येक मार्गाने डोळे मिटून प्रवास करी, गाडी कुठे वळते ते अंगाने जाणून घेई आणि वळणे वहीत उतरवी. नव्या नकाशातल्या रेघांना जो लवचीकपणा आहे, तो तिथून आला. पाणी पुन्हा निळे झाले, बागा हिरव्या झाल्या.

२० एप्रिल १९७८ रोजी कूपर युनियनच्या सभागृहात दोन्ही बाजू समोरासमोर आल्या. हेच ते सभागृह, जिथे १८६० च्या फेब्रुवारीत लिंकनने गुलामगिरीच्या विस्ताराविरुद्ध भाषण करून राष्ट्राध्यक्षपदाकडे वाटचाल सुरू केली. त्या व्यासपीठावर आता रेल्वेच्या नकाशावर वाद झाला, आणि ऐकायला लोक जमले होते. व्हिन्येल्लीच्या दृष्टीने नकाशा हा गाड्यांच्या जाळ्याचा आराखडा होता, त्यात बागा आणि रस्ते यांना जागाच नव्हती. टॉरनॅक यांच्या दृष्टीने तो शहराचा नकाशा होता.

मात्र समितीची बाजूही रंगांच्या बाबतीत लंगडी होती. तिच्या सुरुवातीच्या नमुन्यात सगळे मार्ग जवळपास त्याच रंगाने दाखवले होते. भूगोल आला, पण गाडी ओळखण्याची खूण गेली. वादानंतर जे घडले ते या सगळ्या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे पाऊल मानावे लागेल. रंग गाडीला द्यायचा नाही, कंपनीलाही नाही. गाडी मॅनहॅटनमध्ये ज्या मुख्य मार्गाने जाते त्या मार्गाला द्यायचा, असे ठरले. १९७९ च्या जूनमध्ये, भुयारी रेल्वेच्या पंचाहत्तराव्या वर्षी, नवा नकाशा प्रवाशांच्या हाती आला.

आजची टिकली त्याच निर्णयाची आहे. सातव्या अ‍ॅव्हेन्यूखालून जाणाऱ्या १, २, ३ लाल. लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यूच्या ४, ५, ६ हिरव्या. आठव्या अ‍ॅव्हेन्यूच्या ए, सी, ई निळ्या. सहाव्याच्या बी, डी, एफ नारिंगी. ब्रॉडवेच्या एन, क्यू, आर पिवळ्या. ७ जांभळी, नासॉ स्ट्रीटची जे तपकिरी, १४ व्या रस्त्याची एल करडी. जी ही गाडी मॅनहॅटनमध्ये पाऊलच टाकत नाही, म्हणून तिला कोणाचाही नसलेला पोपटी मिळाला. दोन डझन गाड्यांचे प्रकरण दहाएक रंगांत आटोपले. एफ गाडी आदल्या दिवसापर्यंत किरमिजी-गुलाबी होती, ती बी आणि डीच्या नारिंगी कुटुंबात आली. डब्यांवरच्या पाट्या काही एका रात्रीत बदलणाऱ्या नव्हत्या. नकाशा एक रंग सांगतो आणि गाडीचे कपाळ दुसरा, अशी विसंगती त्यानंतरही बराच काळ दिसत राहिली.

या योजनेत रंग म्हणजे जणू आडनाव, आणि अक्षर किंवा आकडा म्हणजे पाळण्यातले नाव. आडनावावरून घराणे कळते, माणूस कळत नाही. क्वीन्समधले जॅक्सन हाइट्स हे भारतीय दुकानांमुळे न्यूयॉर्क परिसरातल्या मराठी कुटुंबांनाही परिचित असलेले ठिकाण. तिथल्या मोठ्या स्थानकात जमिनीखाली निळी ई, नारिंगी एफ आणि पिवळी आर त्याच मार्गावर येतात, आणि वरच्या पुलावरून जांभळी ७ जाते. तीन रंग, पण मार्ग तोच. कारण त्यांचे रस्ते फुटतात ते पुढे मॅनहॅटनच्या दिशेने. ब्रॉन्क्समध्ये लाल २ आणि हिरवी ५ कितीतरी स्थानके त्याच रुळांवरून धावतात. मॅनहॅटनबाहेरच्या माणसाला हा रंग फक्त एवढेच सांगतो की गाडी मॅनहॅटनमध्ये शिरल्यावर कुठे जाईल. चारही दिशांच्या उपनगरांना बेटाच्या नजरेने पाहणारी ही योजना आहे, आणि तिचा हा पक्षपात मान्य करूनच ती उपयोगी ठरते.

म्हणूनच अस्सल न्यूयॉर्ककर ‘निळ्या लाइनने ये’ असे म्हणत नाही. तो ‘ए गाडी पकड’ म्हणतो. निळ्याने गेलेला पाहुणा सी किंवा ईमध्ये बसला तर भलतीकडे पोहोचेल. आपल्याकडे उलटे आहे. दिल्लीत २००२ साली मेट्रो सुरू झाली; तिथे लाल, पिवळी, निळी हीच मार्गांची नावे. मुंबईत वर्सोवा-घाटकोपर ही निळी. पुण्यात जांभळी, नागपुरात नारिंगी. इथे प्रत्येक मार्गाचे रूळ त्याचे स्वतःचे असल्याने रंग हेच नाव करणे परवडते. गंमत एवढीच की मुंबई, पुणे आणि नागपूर या तिन्ही शहरांनी एकेका मार्गाला ‘अ‍ॅक्वा’ हा रंग दिला, आणि त्या रंगाला मराठीत रुळलेला शब्द नसल्याने मराठी माणूसही ‘अ‍ॅक्वा लाइन’च म्हणतो.

आता पुन्हा क्यूकडे. १९७९ चे तत्त्व खरोखर किती गांभीर्याने पाळले गेले, याची परीक्षा एका पुलाने घेतली.

मॅनहॅटन पूल १९०९ च्या अखेरीस खुला झाला. त्याच्यावर रेल्वेचे चार रूळमार्ग आहेत, पण ते मध्यभागी नसून दोन्ही कडांना, दोन उत्तरेला आणि दोन दक्षिणेला. जड गाडी एका कडेवरून जाते तेव्हा पूल त्या बाजूला किंचित कलतो आणि पिळवटतो. लाखो फेऱ्यांनंतर पोलादाला थकवा आला. दुरुस्तीसाठी १९८६ पासून पुलाची एक बाजू आलटून पालटून बंद ठेवावी लागली, आणि हे काम २००४ पर्यंत चालले. उत्तरेचे रूळ सहाव्या अ‍ॅव्हेन्यूला जातात, दक्षिणेचे ब्रॉडवेला. म्हणजे एक बाजू बंद झाली की त्या बाजूच्या गाड्यांना मॅनहॅटनमध्ये आपले घराणेच बदलावे लागणार.

तसेच झाले. १९८६ मध्ये उत्तरेची बाजू बंद पडली, तेव्हा ब्रुकलिनकडच्या बी आणि डी गाड्या ब्रॉडवेकडून जाऊ लागल्या. नारिंगी बी आणि डीच्या जोडीला पिवळ्या बी आणि डी अवतरल्या. १९८८ च्या डिसेंबरात उत्तर उघडली आणि दक्षिण बंद झाली. आता क्यू सहाव्या अ‍ॅव्हेन्यूला आली आणि नारिंगी झाली. २२ जुलै २००१ रोजी पुन्हा बाजू पालटली आणि क्यू ब्रॉडवेला परतून पिवळी झाली. २००४ च्या फेब्रुवारीत चारही रूळमार्ग सुरू झाले. ब्रुकलिनच्या ब्रायटन मार्गावर राहणाऱ्या माणसाने या काळात आपल्या दारची तीच गाडी दोनदा रंग बदलताना पाहिली, घर न बदलता.

तेव्हा १९९५ च्या छायाचित्रातली नारिंगी क्यू ही चूक नाही, आणि त्या वर्षाचा देखावा उभारणाऱ्या चित्रपटात पिवळी क्यू दिसली तर ती चूक आहे. रंगाच्या अचूकतेला तारीख लागते. नकाशाची चिन्हे बनवणारे बहुधा आजचा तक्ता उतरवून घेतात आणि जुन्या नकाशांच्या पुनर्रचनेतही तोच ओततात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने निदान एवढी सावधगिरी बाळगावी.

अशीच एक घटना २०१० च्या जूनमध्ये घडली. तूट भरून काढण्यासाठी एमटीएने व्ही ही गाडी बंद केली आणि तिचा मार्ग एम गाडीला जोडला. एम तोवर नासॉ स्ट्रीटने जाणारी, म्हणून तपकिरी. आता ती सहाव्या अ‍ॅव्हेन्यूने जाणार. जोडगाडीला व्ही म्हणावे असा मूळ प्रस्ताव होता. एमच्या जुन्या प्रवाशांचा विचार करून अक्षर एम ठेवले गेले. पण रंगात तडजोड झाली नाही. एम नारिंगी झाली. नाव राहिले, आडनाव बदलले.

याउलट एका रंगाला अजून गाडीच मिळालेली नाही. दुसऱ्या अ‍ॅव्हेन्यूखालच्या नियोजित टी गाडीसाठी मोरपंखी रंग राखून ठेवलेला आहे. त्या मार्गाचा पहिला टप्पा १ जानेवारी २०१७ रोजी उघडला, पण तिथून धावते ती क्यू. ती पुढे ब्रॉडवेला जाते, म्हणून दुसऱ्या अ‍ॅव्हेन्यूवरही पिवळीच.

नियमाला हरवले ते एकदाच, आणि तेही दिव्यांनी. २००० सालापासून आयआरटीच्या मार्गांवर जे नवे डबे आले, त्यांच्या कपाळावर छापील चकतीऐवजी बारीक दिव्यांची पाटी होती आणि ती फक्त लाल पेटत असे. त्यामुळे ४, ५ आणि ६ या हिरव्या गाड्या लाल आकडा मिरवत फलाटावर येऊ लागल्या. वीस वर्षे रंग शिकवलेल्या शहरात हा प्रकार बराच काळ चालला. लोक आकडा वाचत राहिले. सर्व रंग दाखवणाऱ्या दिव्यांचे आर-२११ हे डबे २०२३ च्या मार्चमध्ये ए मार्गावर धावू लागले, आणि त्यांच्या कपाळावर निळी चकती होती.

व्हिन्येल्लीने आपला पराभव मनातून कधी मान्य केल्याचे दिसत नाही. पण २००८ साली एका नियतकालिकासाठी त्याने १९७२ चा नकाशा पुन्हा आखला, तेव्हा एक गोष्ट बदलली. रेघा पूर्वीसारख्याच प्रत्येक गाडीला स्वतंत्र होत्या, पण रंग टॉरनॅकच्या समितीचे होते. १, २, ३ यांच्या तीन रेघा, तिन्ही लाल. २०११ मध्ये शनिवार-रविवारच्या बदललेल्या वेळापत्रकांसाठी एमटीएने त्याच्या संस्थेकडून जो संगणकीय नकाशा करून घेतला, त्यातही हीच मांडणी होती. २०१४ च्या मे महिन्यात व्हिन्येल्ली वारला, आणि २०२० मध्ये हर्ट्झ.

२ एप्रिल २०२५ रोजी एमटीएने हर्ट्झ यांचा नकाशा बाजूला ठेवून नवा अधिकृत नकाशा जाहीर केला. पांढरी पार्श्वभूमी, सरळ रेघा, ठरावीक कोन, प्रत्येक गाडीची स्वतंत्र रेघ : मांडणी १९७२ च्या वळणाची. रंग १९७९ चे. त्यात ब्रॉडवेखालून खाली येणारी क्यूची रेघ पिवळी आहे आणि मॅनहॅटन पुलावरून ती दक्षिणेकडच्या रुळांनी ब्रुकलिनला जाते. शेजारून, उत्तरेच्या रुळांवरून, बी आणि डीच्या नारिंगी रेघा जातात.